पाटी परत नको करूस, जिना पूस

पत्र :

ताई, पुण्याहून स्टुटगार्टला येऊन दीड वर्ष झालं. पहिलं वर्ष कंपनीने दिलेल्या घरात गेलं, ऑक्टोबरपासून या जुन्या इमारतीत आहोत. चार मजले, आठ बिऱ्हाडं. आमच्या खाली सत्तरीच्या एक बाई एकट्या राहतात. आल्या आल्या त्यांनी दाराला चिठ्ठी चिकटवली, 'चपलांचा स्टँड जिन्यातून काढा.' दुसरी चिठ्ठी रविवारी मिक्सर लावला म्हणून. मग एका शनिवारी आमच्या दाराला पाटीच लटकवलेली. मला वाटलं आता मोठी तक्रार. मी ती गुपचूप काढून त्यांच्याच दाराला अडकवून आले. त्या तरातरा वर आल्या, बोट नाचवत बरंच काही बोलल्या, मला निम्मंही कळलं नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. ऑफिसमधल्या मैत्रिणीने घरी कॉफीला बोलावलं होतं, पोचायला पाऊण तास उशीर झाला तर तिचं तोंड एवढंसं. केक हवा का विचारलं, मी 'नको नको' म्हटलं, तर बशी उचलून आत नेली! साहेबांनी भर मीटिंगमध्ये माझा आकडा चुकलाय म्हणून सांगितलं. घर लहान पडतं म्हणून दुसरं शोधतोय, पण फोनवर आडनाव सांगितलं की घर 'गेलेलं' असतं. एकदा नवऱ्याच्या जर्मन सहकाऱ्याने अर्ध्या तासाने त्याच घरासाठी फोन केला तर त्याला बघायला बोलावलं. असेल इथली पद्धत. मे महिन्यात सासूबाई तीन महिन्यांसाठी येतायत, मुलगा पाच वर्षांचा आहे. आपण किती बदलायचं? आणि या लोकांना आपण नको आहोत का? मला अगंतुगंच करा.
— चौथ्या मजल्यावरची

उत्तर :

अगंतुगं करायची परवानगी दिलीस ते बरं झालं. खालच्या बाई मात्र तुला शेवटपर्यंत अहोजाहोच करतील कदाचित, आणि त्यात तुटकपणा नसेल. इथे एकेरीवर यायचं ते वयाने मोठ्या माणसाने म्हटल्यावर. धाकट्याने आपणहून सुरू केलं तर आगाऊपणा. हे तुला नवं नाही, आपल्याकडेही सासऱ्यांना कोणी 'अरे' म्हणत नाही.

तुझं पत्र वाचून मला जरा काळजी वाटली, पण पाटीमुळे नाही. ज्या प्रसंगाने तुझी झोप उडाली त्यात अपमान कुठेच नव्हता. आणि ज्या एका प्रसंगात होता, तो तू 'असेल इथली पद्धत' म्हणून तीन शब्दांत उरकलास. तो शेवटी घेते, कारण तिथे तुला काही करायचं आहे. आधी पाटी.

ती पाटी म्हणजे केअरवोखं. स्टुटगार्ट ज्या श्वाबियन मुलखात येतं तिथली ही खास गोष्ट. बर्लिनच्या माणसालाही ती समजावून सांगावी लागते, तेव्हा तुला कळली नाही यात नवल नाही. इमारतीतल्या प्रत्येक बिऱ्हाडाची साफसफाईची पाळी. तुझी पाळी आली की पाटी तुझ्या दाराला. पाळी संपली की ती तू शेजारच्या किंवा पुढच्या बिऱ्हाडाच्या दाराला लावायची. पंधराव्या शतकाच्या अखेरीस इथल्या सरदाराने शहरातली घाण लोकांनी दर आठवड्याला बाहेर नेलीच पाहिजे असं फर्मान काढलं, तिथपासून लोक या रिवाजाचं मूळ दाखवतात. पुढे तो शहराच्या नियमांत होता. 1988 मध्ये मानफ्रेड रोमेल महापौर असताना शहराने तो नियम काढून टाकला. (हा दुसऱ्या महायुद्धातल्या, वाळवंटातल्या लढायांवाल्या जर्मन सेनापती रोमेलचा मुलगा. बाप इतिहासाच्या पुस्तकात गेला, मुलगा जिन्याच्या.) नियम गेला, पण केअरवोखं भाडेकरारात आणि इमारतीच्या नियमावलीत जाऊन बसली. तुझ्या कराराला जोडलेली 'हाउसऑर्डनुंग' नावाची पानं काढ. सही केली असशील, वाचली नसशील. सगळं त्यात आहे.

लहान पाळी म्हणजे तुझ्या दारापासून खालच्या मजल्यापर्यंतचा जिना: झाडायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, कठड्यावरून आणि जिन्यातल्या खिडकीच्या कट्ट्यावरून हात फिरवायचा. मोठी पाळी म्हणजे तळघराची वाट, अंगण, इमारतीपुढचा फुटपाथ, आणि हिवाळ्यात बर्फ. तो कामाच्या दिवशी सकाळी सातच्या आत बाजूला झाला पाहिजे, नाहीतर घसरून कोणाचं हाड मोडलं की ते ज्याची पाळी त्याच्यावर शेकू शकतं. लहान पाळी शनिवारी कर, सकाळी दहाच्या सुमाराला. बादली जरा आपटली तरी चालेल. केअरवोखं करताना आवाज झालाच पाहिजे, म्हणजे चार दारांना कळतं, असं श्वाब लोक स्वतःच चेष्टेत म्हणतात.

आता तू काय केलंस ते त्यांच्या बाजूने बघ. त्यांनी आपली पाळी नीट संपवून पाटी तुला दिली, आणि तू ती त्यांना परत लावलीस. म्हणजे 'आमचाही केर तुम्हीच काढा.' सत्तरीच्या बाई तरातरा वर येणार नाहीत तर काय! आणि एक लक्षात घे, चार महिन्यांच्या पाहुण्याच्या दाराला कोणी पाटी लावत नाही. तुझ्या दाराला लावली, म्हणजे आठ बिऱ्हाडांच्या यादीत तुमचं आडनाव धरलंय.

चिठ्ठ्यांचं म्हणशील तर पुण्याच्या मुलीने चिठ्ठीवर रुसावं याची मला मौज वाटली. 'दारावरची बेल एकदाच वाजवावी, आत माणसं राहतात' हे वाचत तू मोठी झालीस. एक ते चार दुकान बंद ठेवणाऱ्या गावातून आलेल्या माणसाला दुपारी एक ते तीन शांतता पाळायला सांगणारी हाउसऑर्डनुंग परकी वाटायला नको. इथल्या चिठ्ठीत पुणेरी तिरकसपणाही नसतो. स्टँड काढा म्हणजे स्टँड काढा. जिना हा आग लागली तर पळायचा रस्ता, तो मोकळा हवा, एवढंच. बाईंनी ते समोरासमोर सांगितलं नाही कारण दार वाजवून तुला त्रास द्यायचा नव्हता. आपल्याला चिठ्ठी म्हणजे अबोला वाटतो, त्यांच्या मते तो सभ्यपणा.

रविवार मात्र गंभीरपणे घे. तो फक्त बाईंचा हट्ट नाही. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने जपला जाईल, हे जर्मनीच्या 1919 च्या वायमार राज्यघटनेत लिहिलं गेलं आणि 1949 च्या आजच्या घटनेने ते कलम तसंच्या तसं उचलून आपल्यात ठेवलं. म्हणून दुकानं बंद, म्हणून ड्रिल-हातोडी बंद, म्हणून रिकाम्या बाटल्या काचेच्या डब्यात टाकायलाही सोमवारपर्यंत थांबायचं, कारण खळ्ळकन् आवाज होतो. मिक्सर तसा घरगुती आवाजातच धरतात, पण जुन्या इमारतीत लाकडी तक्तपोशी असते आणि ओट्यावरचा मिक्सर खालच्या बाईंच्या छतात घुमतो. इडलीचं पीठ शनिवारी वाट. मिक्सरखाली जाडसा नॅपकिन घाल. रात्री दहा ते सकाळी सहा, दुपारी एक ते तीन आणि रविवार सोडून उरलेले तास तुझेच आहेत.

मुलगा पळतो म्हणून त्याला सारखं दटावत असशील तर ते थांबव. मुलांच्या आवाजाला इथे कायदाच सवलत देतो. बालवाड्या आणि खेळाच्या मैदानांवरचा मुलांचा गलका हा उपद्रव धरायचा नाही, अशी दुरुस्ती 2011 मध्ये झाली. घरातल्या धावपळीलाही न्यायालयं बरीच मुभा देतात. रात्री साडेनऊला सोफ्यावरून उड्या नकोत, एवढं पुरे.

आता केक. हा तुझ्या पत्रातला मला सगळ्यात आवडलेला प्रसंग, कारण यात दोघीही अगदी बरोबर वागलात आणि दोघींनाही वाईट वाटलं.

आपल्याकडे पहिलं 'नको' हे नको नसतंच. ते दार किलकिलं करणं असतं. मग यजमानीण म्हणते 'अहो घ्या हो, घरचाच आहे', मग आपण 'अर्धाच' म्हणतो, मग ती पाऊण वाढते, मग आपण 'अगं किती हे' म्हणत सगळा खातो. ही चार वाक्यं झाल्याशिवाय बशी हातात घेणारा माणूस हावरट. इथे पहिलंच वाक्य शेवटचं. तिने विचारलं, तू नको म्हणालीस, तिने तुझा शब्द मानला आणि बशी उचलली. पुन्हा विचारलं असतं तर 'ही मला खोटं ठरवते आहे का' असं तुला वाटेल याची तिला धास्ती. आणि तू उपाशी घरी आलीस! पुढच्या वेळी पहिल्याच प्रश्नाला 'हो, आवडेल, एक तुकडा' म्हण. जिभेला जड जाईल, सवयीने सुटेल.

याची उलटी बाजू सासूबाई आल्यावर घडणार आहे, म्हणून आत्ताच सांगते. पानात टाकणं इथे वाईट दिसतं, म्हणून जर्मन पाहुणा वाढलेलं सगळं संपवतो. आणि पान रिकामं दिसलं की आपली बाई वाढते. तो पुन्हा संपवतो. ती पुन्हा वाढते. माझ्या घरी एक सहा फुटी गृहस्थ चौथ्या पुरणपोळीला घाम पुसत होते, आणि माझ्या सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, 'भूक चांगली आहे हो याला.' तेव्हा खालच्या बाईंना चहाला बोलावलंस तर सासूबाईंच्या हातातली वाटी आपल्याकडे घे आणि पाहुणीला स्वतः वाढून घेऊ दे.

पाऊण तासाच्या उशिराला मात्र मी तुझी बाजू घेणार नाही. दुपारी तीन-साडेतीनची कॉफी म्हणजे तिने सकाळी केक भाजलेला, साय फेटलेली, कॉफी तुम्ही बेल वाजवाल त्या हिशोबाने टाकलेली. दहा मिनिटं उशीर होणार असेल तरी फोन करतात. इथे उशीरसुद्धा नियमाने होतो. विद्यापीठाच्या वेळापत्रकात दहाच्या पुढे 'सी. टी.' ही दोन अक्षरं असली तर तास सव्वादहाला सुरू होतो. ती पंधरा मिनिटं सगळ्यांना ठाऊक असतात. न सांगता घेतलेली पंधरा मिनिटं वेगळी. मैत्रिणीला एक ओळ लिही, उशिराबद्दल माफ कर आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे ये, म्हणून. तारीख आणि वेळ घाल. 'कधी तरी या एकदा' हे इथे आमंत्रण नव्हे.

साहेबांबद्दल तू एक गोष्ट लिहिली नाहीस: आकडा चुकला होता की नाही? माझा अंदाज, चुकला होता. मग 'बरोबर आहे, दुपारपर्यंत दुरुस्त करते' म्हणायचं आणि दुपारपर्यंत करायचं. आपल्याकडे साहेब आधी कामाचं कौतुक करतो, मग आडून सुचवतो, आणि मग केबिनमध्ये बोलावतो. इथे आकडा टेबलावर असतो, त्यावर बोट ठेवतात, आणि तुझ्याबद्दल कोणी काही बोललंय असं कोणाच्या गावीही नसतं. जेवणाच्या सुट्टीत तेच साहेब तुझ्याकडे मुलाची चौकशी करतील. श्वाब लोकांची म्हणच आहे की रागावलो नाही म्हणजे पुष्कळ कौतुक केलं. वर्षभर शाबासकी आली नाही म्हणून नोकरी जाणार असं समजू नकोस. आणि वाढदिवस आला की केक तूच घेऊन जायचा, नाहीतर बाकीचे आणतील म्हणून वाट बघत बसशील. दुसऱ्याचा वाढदिवस असला तर आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नकोस, अपशकुन मानतात. बघ, शकुन-अपशकुन मानणारे आपण एकटेच नाही.

आता ते घर.

जागा गेलेली होती आणि अर्ध्या तासाने ती परत आली, ही कुठल्याच देशाची पद्धत नाही. इथल्या रीतीभाती शिकता शिकता आपण इतके नमतो की अन्यायालाही 'रीत' म्हणायला लागतो, आणि परदेशात राहणाऱ्या माणसाची खरी फसगत मला तिथे दिसते. चिठ्ठी लावणाऱ्या बाईंनी तुला नियम सांगितला. तोच नियम त्या जर्मन शेजाऱ्यालाही सांगतील. फोनवरच्या माणसाने तुला नियम सांगितला नाही, तुझं आडनाव ऐकलं. एखाद्या गोष्टीचा राग यावा की नाही असा प्रश्न पडला तर मी एवढंच तपासते, की इथे जन्मलेल्या माणसाशी हे असंच वागले असते का.

2006 पासून इथे समान वागणुकीचा कायदा आहे. वंश किंवा मूळ देश बघून नोकरीत आणि घर भाड्याने देताना डावलायला त्याने बंदी आहे. अपवाद आहेत, उदाहरणार्थ मालक स्वतः त्याच जागेत राहत असेल तर. आणि स्टुटगार्टमध्ये एका घरावर उड्या टाकणारे इतके असतात की दहा नकारांतले नऊ निव्वळ गर्दीचे असतील. पण तुझ्याकडे सहकाऱ्याने केलेला तो दुसरा फोन आहे, तो महत्त्वाचा. आज बसून लिहून काढा: जाहिरात कुठली, तारीख, दोन्ही फोनच्या वेळा, काय शब्द वापरले. जाहिरात अजून दिसत असेल तर तिचा फोटो ठेवा. सहकाऱ्याला त्याचं त्याने लिहून सही करायला सांगा. मग बर्लिनमधल्या केंद्र सरकारच्या भेदभावविरोधी कार्यालयाला विचारा, ते फुकट सल्ला देतात. असल्या तक्रारींची मुदत फार लांब नसते, त्यामुळे सासूबाई येऊन जाईपर्यंत थांबू नका. शिवाय भाडेकरू संघाचे सभासद व्हा. वर्गणी भरली की करार, भाडेवाढ, अनामत रक्कम, सगळ्याला त्यांचा वकील मिळतो. मराठी मंडळी यात चार पैसे वाचवतात आणि नंतर अनामत रकमेवर पाणी सोडतात, हे मी फार बघितलंय.

याचा निकाल तुझ्या बाजूने लागेलच असं नाही. पण तक्रार नोंदवणं आणि 'असेल पद्धत' म्हणणं यात फरक आहे, आणि पाच वर्षांचा मुलगा घरात सगळं ऐकत असतो.

घर शोधताना अर्जासोबत पूर्ण फाइल जोडा: स्वतःची माहिती, शेवटच्या तीन पगारपत्रकांच्या प्रती, शुफा नावाचा पतदाखला. फोनच्या आधी लेखी अर्ज गेलेला बरा. आणि 'भारतीय कुटुंब म्हणजे मसाल्याचा वास' ही धास्ती घरमालकांना असते हे खरं आहे. ती धास्ती बरोबर की चूक हा वाद त्यांच्याशी घालू नकोस. मात्र एक काम आपल्या हातात आहे. फोडणीचा धूर झाला की आपण मुख्य दार उघडतो, नाही का? तो धूर मग चारही मजल्यांच्या जिन्यात भरतो. दार बंद ठेव, स्वयंपाकघराची खिडकी सताड उघड, पाच-दहा मिनिटं, कडाक्याच्या थंडीतसुद्धा. खिडकी नुसती तिरकी करून दिवसभर ठेवलीस तर वास जात नाही आणि भिंतीला बुरशी धरते, आणि बुरशीवरून मालकांशी होणारी भांडणं फोडणीवरून होणाऱ्या भांडणांपेक्षा कितीतरी जास्त.

सासूबाईंची पूजा चालू राहू दे. सहाला शांततेची वेळ संपते, त्यामुळे सव्वासहाला छोटी घंटा वाजली तर कोणी काही म्हणणार नाही. रविवारी देवांना आठला उठवा, इतक्या दूर आलेत, जरा झोपतील. गणपती बसवणार असाल तर तुझीच चिठ्ठी जिन्यात लाव, दोन-तीन दिवस आधी: अमुक दिवशी संध्याकाळी सात ते आठ आमच्याकडे सण आहे, गाणी म्हणू, टाळ वाजतील, त्रास झाला तर या नंबरवर फोन करा, आणि यायचं असेल तर दार उघडं आहे. खाली सगळ्यांची नावं. पाहा, त्या खालच्या बाई बरोबर सातला येतात की नाही. त्यांना तिखट चिवड्याऐवजी शंकरपाळे दे, नाताळच्या बिस्किटांची सवय असते, आवडतील. आणि पुण्याची आहेस म्हणून सांग. स्टुटगार्ट आणि मुंबई 1968 पासून भगिनी शहरं आहेत, आणि स्टुटगार्टची मर्सिडीज 1995 पासून पुण्याजवळ बनते. त्या वयाच्या कित्येकांच्या घरातलं कोणी ना कोणी गाड्यांच्या कारखान्यात होतं, तेव्हा बोलायला विषय मिळेल.

किती बदलायचं, असं विचारलंस. जिना, कचरा, वेळ आणि रविवार हे इथल्यासारखं कर, बिनतक्रार. पान, पूजा, मुलाशी बोलायची भाषा याला हात लावू नकोस, कोणी लाव म्हटलेलंही नाही. उरलं ते आग्रहाचं आणि संकोचाचं; त्यात तू दोन्हीकडे थोडी अवघडलेली राहशील. सगळेच राहतात.

या शनिवारी बाईंकडे जा. पाटी हातात घेऊन जा आणि मोडक्यातोडक्या जर्मनमध्ये सांग की मला माहीत नव्हतं, ही आमची पाळी. त्या जास्त काही बोलणार नाहीत, कदाचित तुला फडकं कसं पिळायचं ते दाखवतील. आणि पाळी एक आड एक नवऱ्यालाही दे. हाउसऑर्डनुंग नीट वाच, जिना बाईनेच पुसायचा असं त्यात कुठेही लिहिलेलं नसतं.